मंडळीचा इतिहास लिहायला बसलात तर

आम्हा बाप्टिस्ट लोकांत मंडळीचा, म्हणजे गावच्या चर्चचा, इतिहास लिहायला घेतला की पहिली चार पानं विल्यम कॅरे या मिशनऱ्याला जातात. कुठलीही स्मरणिका उघडा, त्याचं बंगालातलं सेरामपूर आहेच. कॅरे मोठा माणूस, वाद नाही. त्याचं मराठी व्याकरण १८०५ सालचं, कोश १८१० चा, आणि १८११ मध्ये नवा करार मोडीत छापून निघाला. त्यामागे पंडित वैजनाथांचे कष्ट होते, हे मात्र त्याच स्मरणिका विसरतात. पण कॅरे १७९३ ला बंगालात उतरला आणि तिकडेच राहिला. कोकणात तो आलाच नाही. तेव्हा तुमची मंडळी दाभोळ, हर्णै, जैतापूर अशा एखाद्या बंदराच्या आसपासची असेल, तर कॅरेला एक परिच्छेद द्या आणि सरळ आपल्या गावात या.

मी नोकरीभर तलाठी होतो. निवृत्त झालो आणि मंडळीने सेक्रेटरी करून टाकलं, कारण अक्षर बरं आणि वेळ मोकळा. आमचा गाव उत्तर रत्नागिरीतला, खाडीकाठचा. मंडळी लहान. इतिहास लिहायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. आता इतर मंडळ्यांचे सेक्रेटरी फोन करून विचारतात की सुरुवात कुठून करू. दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा लिहून काढतो.

आधी मिशनं वेगळी करा

गावातले लोक सरसकट 'मिशन' म्हणतात. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचा बंगला. त्यातलं बाप्टिस्ट किती, हे आधी बघा. बहुतेक वेळा काहीच नसतं. आमच्या पट्ट्यात सगळ्यात आधी आले ते स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक. डोनाल्ड मिचेल १८२३ ला बाणकोटला आला आणि त्याच वर्षी वारला. पुढे बाणकोट आणि हर्णै अशी दोन ठाणी झाली. जॉन विल्सन, ज्याच्या नावाचं मुंबईत कॉलेज आहे तो, १८२९ ला आल्यावर मराठी शिकायला हर्णैलाच राहिला होता. हे सगळे प्रेस्बिटेरियन, लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे. खाली रत्नागिरी आणि वेंगुर्ल्याकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. दापोलीला म्हातारी माणसं अजून कॅम्प म्हणतात. तिथलं पडकं चर्च गोऱ्या पलटणीच्या काळातलं. यातलं काही आपलं नाही. शेजाऱ्याचं आहे, आदराने उल्लेख करा, पण आपल्या वंशावळीत चिकटवू नका. मंडळी दोनशे वर्षांची दाखवायची हौस मी समजू शकतो. शंभर वर्षांचीही नसली तरी बिघडत नाही.

या गाळणीचा एक उपयोग पुढे होतो. एकच माणूस दोन मिशनांच्या वह्यांत सापडतो. लहानपणी एकीकडे कपाळावर पाणी शिंपडलेलं, आणि मोठेपणी आपल्याकडे पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. नाव तेच, बापाचं नाव तेच, तारखांत वीस-पंचवीस वर्षांचं अंतर. नवीन लिहिणारा त्याची दोन माणसं करतो.

कागद कोणाच्या घरी आहेत

कॅथलिकांचं बरं असतं. पॅरिशची वही पॅरिशमध्ये, वर बिशपचं कार्यालय. आपल्यात प्रत्येक मंडळी स्वतःची मालक. वर कोणी साहेब नाही, म्हणजे वर कोणाचं दफ्तरही नाही. जो सेक्रेटरी झाला त्याच्या घरी मिनिटबुक, म्हणजे सभांच्या नोंदींची वही, गेलं, तो वारला की त्याच्या मुलाकडे, मुलगा नालासोपाऱ्याला राहायला गेला की ट्रंकेसकट तिकडे. त्यामुळे कामाची पहिली पायरी लिहिण्याची नाही, यादी करण्याची. आजवर पाळक कोण, सेक्रेटरी कोण, खजिनदार कोण, एवढी नावं एका कागदावर मांडा. मग प्रत्येकाच्या घरात आता कोण राहतं ते लिहा. खजिनदाराचं घर सोडू नका. पाळकांच्या बदल्या होतात, खजिनदार गावातच मरतो.

तुमची मंडळी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला झालेल्या एकीकरणात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली असेल, तर काही कागद धर्मप्रांताच्या कार्यालयात असू शकतात. तेव्हा एकत्र आलेल्या सहा चर्च-संघटनांत ब्रिटिश बाप्टिस्ट परंपरेच्या उत्तर भारतातल्या मंडळ्याही होत्या. पण सगळे बाप्टिस्ट गेले नाहीत. आपण गेलो की बाहेर राहिलो, हे त्या वर्षाच्या आसपासच्या मिनिटबुकात ठरावासकट मिळायला हवं. ठराव नसेल तर तेही लिहिण्यासारखं आहे.

घरी गेल्यावर 'जुने कागद द्या' म्हणू नका. लोक घाबरतात, त्यांना वाटतं जागेचं काहीतरी निघालं. 'फोटो काढतो आणि इथेच ठेवतो' म्हणा, आणि खरंच तसं करा. फोटो काढायला फेब्रुवारी-मार्च उत्तम. पावसाळ्यात आपल्याकडची जुनी वही उघडली की पानं एकमेकांना चिकटलेली असतात, ओढली की शाई निघते. ओली वही उन्हात घालू नये, सावलीत वाऱ्याला ठेवावी. सेलोटेप लावू नये. लॅमिनेशन तर अजिबात करू नये. एका मंडळीत स्थापनेचा ठराव कोणीतरी प्रेमाने लॅमिनेट केला होता, आत बुरशीचा नकाशा झालाय.

बाप्तिस्म्याचं रजिस्टर कसं वाचायचं

हा भाग नीट घ्या. इतिहासाच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात.

दुसऱ्यांच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा रजिस्टर म्हणजे जवळपास जन्मनोंद. मूल जन्मलं, महिना-दोन महिन्यांत बाप्तिस्मा, आईबापांची नावं. आपल्यात कळत्या वयात, स्वतः विश्वास कबूल करून. म्हणून रजिस्टरमधल्या तारखेवरून वय काढता येत नाही. शेजारच्या दोन ओळींतला एक पंधरा वर्षांचा असतो, दुसरा साठीचा. आई-मुलगा एकाच दिवशी घेतात. बापाच्या आधी मुलीने घेतलेला असतो. ही ओळ जन्माची नसते, निर्णयाची असते, आणि निर्णयामागे काहीतरी घडलेलं असतं. एका वर्षात एकदम बारा-पंधरा नावं आली तर त्या वर्षी गावात काय झालं ते शोधा. नवा उपदेशक आला, शाळा निघाली, साथ आली, की नुसतंच एक मोठं कुटुंब आत आलं? आणि पुढे पाच-सात वर्षं एकही नाव नाही, तर ती रिकामी जागा पुस्तकात रिकामी दाखवा. बहुतेक स्मरणिका तिथे 'मंडळीची वाढ होत राहिली' असं लिहून मोकळ्या होतात.

बाप्तिस्म्याची दुसरी बाजू मिनिटबुकात असते. उमेदवाराने मंडळीपुढे साक्ष दिली, मंडळीने हात वर करून मान्य केलं, अशी एक-दोन ओळींची नोंद. कधी 'आणखी सहा महिने थांबावे' असंही असतं. रजिस्टर आणि मिनिटबुक शेजारी ठेवून वाचलं की माणूस दिसायला लागतो.

आता तारीख तपासायची आमच्या किनाऱ्यावरची एक युक्ती सांगतो. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा हौद बांधायच्या आधी बाप्तिस्मे खाडीवर व्हायचे. रजिस्टरमध्ये 'खाडीवर' एवढंच. म्हातारे सांगतात, उपासना सुटल्यावर सगळे गात गात खाली गेलो, पाणी धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांना लागलेलं. म्हणजे सकाळी अकरा-साडेअकराला भरती. आपल्याकडचा कोळ्याचा पोरही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, चतुर्दशीला साडेदहा, पुनवेला नि अवसेला सव्वाअकरा. तेव्हा म्हाताऱ्यांचं खरं असेल तर तो रविवार पुनवेच्या किंवा अवसेच्या जवळचा हवा. त्या सालचं पंचांग काढा आणि रजिस्टरमधली तारीख बघा. ती अष्टमीला पडली तर दुपारी बाराला खाडीत पूर्ण सुकती, नुसता चिखल. चिखलात कोण कोणाला बुडवणार? मग एक तर तारीख नंतर आठवून लिहिलेली आहे, नाहीतर आठवण दुसऱ्या बाप्तिस्म्याची आहे. हिशेब ढोबळ आहे, मुखापासून आत जाल तशी भरती उशिरा पोचते, तेव्हा तासभर इकडेतिकडे धरा. पण चार-पाच तासांचा फरक लपत नाही.

(कॅरेने कृष्ण पालला २८ डिसेंबर १८०० ला हुगळीत बाप्तिस्मा दिला, तीही भरती-ओहोटीची नदी. कॅरेचा परिच्छेद द्यायचाच असेल तर हे त्यात घाला, निदान खाडीशी तरी जुळेल.)

लग्नाचं रजिस्टर

हे कोणी उघडत नाही आणि माहिती सगळ्यात जास्त इथेच. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने रकाने ठरवून दिलेत: वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव. बाप्तिस्म्याच्या वहीत जे नाही ते इथे आहे. धंद्याच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली या, मंडळी कशी बदलली ते दिसतं. शिक्षक, परिचारिका, खलाशी, गिरणी कामगार, मग राज्य परिवहन, मग कोकण रेल्वे. राहण्याच्या ठिकाणावरून चाकरमानी कधी वाढले तेही कळतं. एक ध्यानात ठेवा, लग्न लावायचा परवाना प्रत्येक पाळकाकडे नसायचा. तेव्हा आपल्या माणसाचं लग्न दुसऱ्याच चर्चच्या वहीत सापडलं तर तो मंडळी सोडून गेला असं समजू नका.

जागा

इथे माझा हात बसलेला आहे, पण थोडक्यात आटोपतो.

मंडळीची जागा कोणी दिली यावर प्रत्येक गावात एक गोष्ट असते, आणि तीत एक दानशूर मनुष्य असतो. सातबारा काढा, मग त्यावरचे फेरफार नंबर मागे मागे घेत जा. दानपत्र आहे की खरेदीखत, हे दुय्यम निबंधकाकडच्या इंडेक्स टू मध्ये कळतं. आमच्याकडचा गाव खोतीचा असेल तर १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याआधीचा व्यवहार खोताशी झालेला असणार, आणि कागद मोडीत असू शकतो. मोडी वाचणारा गाठा, अंदाजाने वाचू नका. गावठाणात सिटी सर्व्हे झाला असेल तर सातबारा नाही, मालमत्ता पत्रक. जुने स्कॅन केलेले उतारे आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात, सगळे नाहीत पण बरेच. अर्ज करताना 'चर्चची जुनी कागदपत्रे मिळावीत' असं लिहिलंत तर अर्ज परत येईल, आणि परत करणाऱ्याची त्यात चूक नाही. सर्व्हे नंबर, हिस्सा, फेरफार नंबर, साल. तेवढं दिलं की कारकून उठतो.

जिल्ह्याची नावंही बघून घ्या. कुलाब्याचं रायगड १९८१ च्या जानेवारीत झालं आणि त्याच वर्षी १ मे ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला. मालवणचा जुना कागद रत्नागिरीच्या नावाने शोधावा लागतो. इंग्रजी अहवालांत गावांची स्पेलिंग तर अशी की आपलंच गाव ओळखू येत नाही. हर्णैचं 'हर्नी' होतं आणि बाणकोटचा किल्ला 'फोर्ट व्हिक्टोरिया' या नावाखाली असतो.

ट्रस्ट नोंदलेला असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचं परिशिष्ट एक धर्मादाय कार्यालयातून घ्या. त्यात विश्वस्तांची नावं आणि मिळकत असते, आणि बदल अर्जांच्या फायलीत भांडणं असतात. फायली सविस्तर वाचा.

इमारतीचं वय लोक कौलावरून सांगतात. कौलावर छापलेलं साल कारखान्याचं असू शकतं, तुमच्या छपराचं नव्हे. बासेल मिशनचा मंगळूरचा कौल-कारखाना १८६५ चा, म्हणून तुमचं चर्च १८६५ चं होत नाही. त्यापेक्षा ग्रामपंचायतीचा नमुना आठ बघा, घरपट्टीच्या आकारणीचा. भिंत मातीची की चिऱ्याची, छप्पर गवताचं की कौलाचं, ते करासाठी लिहिलेलं असतं. कर लावणारा माणूस भक्तिभावाने काही लिहीत नाही.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना

साल विचारू नका. मी एका मावशींना विचारलं, त्या नव्वदीच्या पुढे. 'मावशी, मातीचं चर्च पाडून चिऱ्याचं कधी बांधलं?'

'साल कुठलं आठवतंय बाबा. हलला ना, तेव्हा जुनंच होतं. आम्ही नाताळची गाणी बसवत होतो त्या दिवसांत. पहाटे भांडी पडली मांडणीवरची. सकाळी जाऊन बघतो तर वेदीमागच्या भिंतीला ही एवढी भेग. पाळकसाहेब म्हणाले शेणाने लिंपा. आम्ही लिंपली.'

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटे. नाताळच्या गाण्यांशी जुळलं, पहाटेशी जुळलं. म्हणजे १९६७ च्या अखेरीला मातीची भिंत उभी होती हे पक्कं, आणि चिऱ्याचं बांधकाम त्यानंतरचं. घरपट्टीच्या नोंदीने वरची मर्यादा दिली, मावशींनी खालची. अशा खुंट्या आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच आहेत: रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येची, मग बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, पहिली कोकण रेल्वे, निसर्ग वादळ. 'त्याच्या आधी की नंतर' एवढंच विचारावं.

बायकांना वेगळं बसवून विचारा. पुरुष पाळकांची नावं क्रमाने सांगतात आणि थांबतात. कापणीच्या सणाला कोणाच्या घरचा नारळ, कोणाचं भात, लिलावात कोणता कोंबडा एकाने घेऊन परत दान दिला आणि पुन्हा लिलावात चढला, हे बायकांनाच ठाऊक. खजिनदाराच्या वहीत त्या लिलावाचे आकडे असतात, ते त्यांच्यासमोर वाचून दाखवा. तीन नावं वाचलीत की चौथी गोष्ट त्या सुरू करतात.

बाहेरच्या कागदांत रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटियर आणि कुलाबा-जंजिऱ्याचं १८८३ चं चाळा. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासून निघतंय, त्यातल्या मृत्युवार्ता आणि मंडळ्यांच्या बातम्या उपयोगी. तुमचं मूळ ब्रिटिश बाप्टिस्ट मिशनशी खरोखर जोडलेलं असेल, तरच ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजातल्या अँगस लायब्ररीला लिहा. त्या मिशनचं दफ्तर तिथे आहे. नाव, गाव आणि साल देऊन चार ओळींत विचारा. मंडळीची कहाणी पाठवू नका.

काय छापायचं नाही

जुन्या वह्यांत जातीचा रकाना असतो. तो जसाच्या तसा छापू नका. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, आणि कितीतरी घरांत एक भाऊ इकडे, एक तिकडे आहे. तुमच्या पुस्तकातली एक ओळ कोणाच्या तरी नातवाच्या दाखल्याला आडवी येऊ शकते. मंडळी कोणत्या समाजांतून आली हे एकंदरीत लिहा, ते लपवण्यासारखं नाही. नावासमोर जात लिहायची तर त्या घरची परवानगी घ्या, लेखी. शिस्तभंगाच्या नोंदीही तशाच. 'अमक्याला सहा महिने प्रभुभोजनातून वगळले' हे वाचायला रंजक असतं, पण त्याची मुलं पुढच्या बाकावर बसलेली असतात.

फूट मात्र लपवू नका. बाप्टिस्टांच्या इतिहासात फूट नाही म्हणणारा एक तर नवीन आहे नाहीतर विश्वस्त आहे. दोन्ही बाजूंची मिनिटबुकं मागा. दुसरी बाजू देत नसेल तर तसं नमूद करा. कारण लिहिताना विशेषणं काढून टाका. ठरावाची तारीख, बाजूने किती हात, विरुद्ध किती, कोण उठून गेले, आणि सामानाचं काय झालं. एका फुटीत बाकं एकीकडे गेली आणि हार्मोनियम दुसरीकडे; काही वर्षं एका ठिकाणी लोक बसून बिनपेटीचं गायचे आणि दुसरीकडे चटईवर बसून पेटीवर. एवढं लिहिलं की कोण चुकलं हे ठरवायची गरज उरत नाही.

मसुदा झाला की मंडळीच्या कामकाज सभेत वाचा, पूर्ण. आपल्यात तोच शिरस्ता, शेवटचा शब्द मंडळीचा. दुरुस्त्या तोंडी घेऊ नका, कागदावर नाव घालून घ्या. तारखेची दुरुस्ती पुराव्यानिशी आली तर करा, 'आमच्या आजोबांचं नाव आधी हवं' अशी आली तर विचारात घेतो म्हणा. वाचन मे महिन्यात ठेवा, चाकरमानी आलेले असतात आणि खरी भांडणारी माणसं त्यांच्यातच. छपाई नाताळपर्यंत. प्रती जास्त काढू नका, उरलेले गठ्ठे पुढच्या पावसात वाळवीला जातात. दोन प्रती तालुक्याच्या वाचनालयात द्या, एक शाळेला. आणि फोटो काढलेल्या वह्यांची एक ड्राइव्ह मंडळीत, दुसरी मुंबईला कोणाकडे तरी, नाव लिहून, मिनिटबुकात तशी नोंद करून.